महापौरांचा झगा

माझी पुतणी विलायतेत लेस्टरजवळ राहते. तिची धाकटी लेक तिथल्या प्राथमिक शाळेत जाते. मध्यंतरी त्या शाळेत शहराचे लॉर्ड मेयर पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या गळ्यातली जाडजूड साखळी आमची छोकरी हाताने चाचपून बघते आहे, असा फोटो पुतणीने मला पाठवला. सोबत प्रश्न होता, "आत्या, मोठ्या समारंभाला ते लाल झगासुद्धा घालतात. तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास, मग सांग, आपल्या ठाण्या-डोंबिवलीच्या महापौरांना असं काही असतं का? आणि नसेल तर का नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. आपल्या महाराष्ट्रात काही महापालिकांचे महापौर महासभेला झगा घालून बसत आले आहेत, त्याला सर्रास 'गाऊन' म्हणतात. काही ठिकाणी ही पद्धत नाही. दक्षिणेत मात्र झगा आणि साखळी दोन्ही जोरात आहेत, चेन्नईला आहेत, बंगळूरला होते, केरळातही आहेत. दुसरा प्रश्न मात्र मला पुरून उरला. चार-पाच दिवस डोक्यातून जाईना. त्यात एक जुनी गोष्ट वर आली, ती मी आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही. ती शेवटी सांगते. आधी इतिहास, म्हणजे मास्तरणीचं काम आधी.

कपडे देऊन माणसाला पदावर बसवायचं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण मराठीत सहज म्हणतो, 'पेशवाईची वस्त्रे मिळाली'. नेमणूक झाली, हुकूम निघाला असं म्हणत नाही. बाजीरावाला शाहू महाराजांनी १७२० साली कऱ्हाडजवळ मसूरला वस्त्रं दिली आणि तो पेशवा झाला. वस्त्रं म्हणजेच पद. याची अगदी टोकाची गोष्ट सवाई माधवरावाची. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांनी १७७३ साली भीमेकाठी आळेगावला वस्त्रं घेतली खरी, पण पुढच्या वर्षी पुरंदरावर गंगाबाईला मुलगा झाला आणि साताऱ्याहून वस्त्रं आणवून ती त्या चाळीस दिवसांच्या पोराला दिली गेली. पाळण्यातलं मूल पेशवा झालं. कारभार बारभाईंनी पाहायचा, पण वस्त्रं कुणाच्या अंगावर आहेत याला महत्त्व होतं. वर्गात हे शिकवताना एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, त्याच्या मापाची शिवली होती का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. प्रश्न वाईट नव्हता.

आम्हा ठाणेकरांच्या दृष्टीने या वस्त्रांच्या भांडणाची किंमत मोठी होती. राघोबादादा आणि बारभाई यांची ओढाताण चालू आहे हे पाहून इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर साष्टी गिळली आणि ठाण्याचा किल्ला घेतला. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून मिळवलेलं ठाणं असं गेलं. तो किल्ला म्हणजे आजचा ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग. तिथून जाताना ज्यांना हे आठवतं अशी माणसं आता थोडी उरली असतील.

मुसलमानी अमदानीत याच पद्धतीला खिलत म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'अंगावरून उतरवलेलं वस्त्र'. बादशहाने स्वतःच्या अंगावरचं काढून द्यायचं आणि घेणाऱ्याने ते मिरवायचं, म्हणजे तो त्याचा माणूस झाला. हे नीट समजलं की १२ मे १६६६ चा आग्र्याचा दरबार वेगळा दिसतो. त्या दिवशी शहजाद्यांना, जाफरखानाला, जसवंतसिंहाला खिलती दिल्या गेल्या आणि शिवाजी महाराजांना दिली नाही. महाराज संतापले. मग समजूत घालायला खिलत आणली तेव्हा ती घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. राजपूत अधिकाऱ्यांची त्या वेळची पत्रं आहेत, त्यांत हे आलं आहे. आम्ही पाठ्यपुस्तकातून 'अपमान झाला' एवढंच शिकवायचो. पण मला नेहमी वाटतं की त्यातला दुसरा भाग जास्त मोठा आहे. वस्त्र न मिळणं हा अपमान खरा. पण ते वस्त्र अंगावर घेणं म्हणजे काय, हेही त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

म्हणजे वस्त्राच्या बाबतीत पाहायचं ते हे की ते देणारा कोण. पेशव्याला छत्रपती देत, सरदाराला बादशहा देई. सगळीकडे वरचा खालच्याला देणार.

आता इंग्लंडच्या साखळीकडे येते. लंडनला पहिला मेयर ११८९ साली झाला, हेन्री फिट्झ-ॲल्विन त्याचं नाव. १२१५ साली जॉन राजाने लंडनकरांना आपला मेयर दरवर्षी स्वतः निवडायची सनद दिली. राजा अडचणीत होता म्हणून दिली, हे उघड आहे. लंडनच्या लॉर्ड मेयरच्या गळ्यात आज जो सोन्याचा हार असतो, तो सर जॉन ॲलन नावाच्या एका माजी मेयरने १५४५ साली मृत्युपत्राने शहराला दिला. इंग्रजी एस या अक्षरासारख्या कड्या, मध्ये गुलाब आणि गाठी अशी त्याची घडण. मला यात गंमत वाटली ती देणाऱ्याची. इथे हार राजाने नाही दिला, गावच्याच एका माणसाने पुढच्या सगळ्या मेयरांसाठी ठेवला. डब्लिनच्या मेयरचा हार मात्र १६९८ चा आणि विल्यम राजाने दिलेला. म्हणजे दोन्ही तऱ्हा आहेत.

विलायतेतल्या लहान गावांच्या साखळ्या इतक्या जुन्या नाहीत बरं का. बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. १८३५ साली तिकडे नगरपालिकांचा मोठा सुधारणा कायदा झाला. त्याआधी गावोगावच्या पालिका म्हणजे चार-दोन घराण्यांची मिरासदारी, जेवणावळी आणि चांदीची भांडी. नव्या कायद्याने करदात्यांना मत मिळालं, नवे लोक निवडून आले आणि त्यांतल्या कित्येकांनी आल्या आल्या जुने झगे आणि चांदीचे दंड मोडीत काढले. आमच्या पुतणीच्या लेस्टरनेच १८३६ साली आपला दंड आणि भांडीकुंडी लिलावात विकून टाकली. काटकसर म्हणून! पुढे तोच दंड शहराकडे परत आला. साखळ्यांची हौस त्यानंतरची. गिरण्या-कारखान्यांनी श्रीमंत झालेल्या गावांनी साखळ्या घडवल्या आणि प्रत्येक मेयर पायउतार होताना आपल्या नावाची एक कडी त्यात घालू लागला. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते ना, सासूने चार पुतळ्या ठेवल्या, सुनेने दोन वाढवल्या, तसंच काहीसं. फरक एवढाच की ही माळ कुणाच्याच घरची नाही. वर्ष संपलं की उतरवून ठेवायची.

हिंदुस्थानात हा झगा प्रथम आला तो मद्रासला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेने १६८७ च्या डिसेंबरात मद्रासची महापालिका झाली आणि पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला तिची पहिली बैठक भरली. नॅथॅनियल हिगिन्सन हा पहिला मेयर, सोबत बारा आल्डरमन. त्यांत हिंदू, ज्यू आणि पोर्तुगीज व्यापारीही होते. मेयरने आणि आल्डरमननी लाल लोकरीचे झगे घालावेत, खालच्या सभासदांनी पांढरं चिनी रेशीम वापरावं, पुढे चांदीचे मुलामा दिलेले दंड चालावेत, डोक्यावर छत्री धरावी, हे सगळं लंडनहून ठरवून आलं होतं. मद्रासच्या उकाड्यात लोकरीचा झगा! पण लंडनला बसलेले कंपनीचे कारभारी जोसाया चाइल्ड खुळे नव्हते. त्यांचा हिशेब असा की, गावात गटारं, शाळा, नगरगृह बांधायला पैसा लागतो, कंपनीने कर लादला तर लोक ओरडतात, पण लोकांमधलीच माणसं झगा घालून बसवली आणि त्यांच्याच तोंडून कर लावला तर तोच लोक मुकाट देतील. झग्याचा खर्च करातून वसूल होणार होता.

आपल्या मुंबईला १७२६ च्या सनदेने मेयर आणि नऊ आल्डरमन मिळाले, पण त्यांचं काम मुख्यतः न्यायदानाचं. ते कोर्ट १७९८ ला बंद झालं. नंतरची महापालिका वेगळी, १८७२ च्या कायद्याची. तिचा प्रमुख 'अध्यक्ष' म्हणवला जाई. फेरोजशहा मेहता चार वेळा असे अध्यक्ष होते आणि १८८८ चा मुंबईचा कायदा मुख्यतः त्यांच्याच हातचा. 'मेयर' ही पदवी आली १९३१ ला, आणि जहांगीर बोमन-बेहराम हे पहिले मेयर. म्हणजे ज्या फेरोजशहांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे, ते स्वतः कधी मेयर नव्हते. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

'महापौर' हा शब्द सावरकरांचा. दिनांक, नगरपालिका यांच्यासारखाच त्यांनी घडवलेला. मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. इंग्रजी मेयर हा लॅटिनमधल्या 'मोठा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, नुसताच मोठा. आपल्या शब्दात 'पौर' आहे. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. महापौर म्हणजे राजा नाही, अंमलदार नाही, मोठा नागरिक. सातवीच्या वर्गात फळ्यावर 'पुर – पौर – महापौर' अशी फोड करून दाखवली की मुलांचे चेहरे उजळत. संधी-समासात रमणारे विद्यार्थी हल्ली कमी झाले, असो.

स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या माणसांनी या पदांचं काय केलं, हा खरा रंजक भाग आहे. १९२४ साली चित्तरंजन दास कलकत्त्याचे पहिले महापौर झाले, सुभाषबाबू त्यांच्या हाताखाली मुख्य अधिकारी. वल्लभभाई अहमदाबादचे अध्यक्ष, जवाहरलाल त्याच सुमारास अलाहाबादचे. कलकत्त्यात महापालिकेच्या नोकरांचे गणवेश खादीचे झाले. वरच्याने झगा घालायच्या ऐवजी खालच्याच्या अंगावरचं कापड बदललं. मला वाटतं, कपड्याच्या राजकारणात याच्यापेक्षा मोठी चाल दुसरी नाही. आणि मुंबईत युसुफ मेहेरअली १९४२ साली महापौर झाले तेव्हा जेमतेम अडतीस वर्षांचे होते. निवडणुकीला उभे राहिले ते लाहोरच्या तुरुंगात असताना. 'क्विट इंडिया' हे शब्द त्यांचेच. ऑगस्टमध्ये पुन्हा अटक झाली. त्या वर्षी मुंबईच्या महापौराच्या वाट्याला साखळी आली ती निराळी.

मग स्वातंत्र्यानंतर झगा टाकून का नाही दिला? काही ठिकाणी टाकला, काही ठिकाणी ठेवला. पदवीदानाच्या काळ्या गाऊनचंही तेच. मी बीए झाले तेव्हा आम्ही चार मैत्रिणींनी मिळून एक गाऊन भाड्याने घेतला आणि आळीपाळीने घालून स्टुडिओत फोटो काढले. चारही फोटोंत तोच गाऊन, खांद्यावरची तीच उसवलेली शिवण. माझ्या आईने तो फोटो देवघराशेजारी लावला होता. आमच्या घरात तोवर बाईमाणसाच्या अंगावर मानाचं म्हणून चढलेलं वस्त्र म्हणजे लग्नातला शालू. ही दुसरी वेळ. म्हणून २०१० साली जयराम रमेश यांनी भोपाळच्या एका पदवीदान समारंभात तो गाऊन वसाहतीची निशाणी म्हणून अंगावरून काढून टाकला, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं पण बरं वाटलं नाही. पुढे पुणे विद्यापीठाने गाऊन सोडून कुर्ता आणि पगडी आणली, तर जानेवारी २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून वाद झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की परक्या गाऊनचा एक गुण होता. त्याला जात नव्हती. पगडी म्हटली की पेशवाई पगडी, मावळी पगडी, शिंदेशाही पगडी, कोणती तरी कोणाची तरी असतेच. तो काळा किंवा लाल झगा आपल्यापैकी कुणाच्याच आजोबांचा नव्हता, म्हणून कुणाच्याही अंगावर सारखाच परका दिसे.

कुणाच्याही अंगावर, असं मी आत्ता लिहिलं. ते मी लिहावं का, हे शेवटी येईलच.

आपल्या भागात झग्याची बातमी होत नाही, बातमी होते राजदंडाची. ठाणं असो, कल्याण-डोंबिवली असो, नाशिक असो, दर वर्षा-दोन वर्षांनी मथळा येणार, 'महासभेत गोंधळ, राजदंड पळवला'. पुण्यात त्याला मानदंड म्हणतात, पण पळवतात तसाच. पाण्याचा प्रश्न, मालमत्ता कर, खड्डे, कशावरून तरी विरोधी बाकांवरचे नगरसेवक महापौरांच्या आसनासमोर धावतात, कुणीतरी दंड उचलतो, चोपदार आणि शिपाई मागे लागतात, ओढाताण होते, सभा तहकूब. माझे यजमान दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना म्हणायचे, "चला, पावसाळा लागला." कारण हे प्रकार पहिल्या पावसात रस्ते वाहून गेले की हटकून व्हायचे.

हेही विलायतेतून आलेलं आहे. तिकडच्या पार्लमेंटात दंड मेजावर असल्याशिवाय सभा भरत नाही. क्रॉमवेलने १६५३ साली सैनिक आणून सभा उधळली तेव्हा तो दंड उचलून न्यायला लावला होता. १९७६ साली मायकेल हेसल्टाइन या खासदाराने भर सभेत दंड उचलला, तर तिकडे केवढा गहजब झाला. आपल्याकडे एवढ्यांदा उचलला गेला की चोपदारांनाही सवय झाली असेल.

पण थट्टा बाजूला ठेवून विचार केला तर वाईट वाटतं. दंड पळवावासा का वाटतो? कारण दुसरं काही हाती लागत नाही. आपल्या कायद्यात महापौर महासभेच्या अध्यक्षस्थानी बसतो, पण कारभार चालवायचा सगळा अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त सरकारने नेमलेला. तिजोरीच्या नाड्या स्थायी समितीकडे. १९९८ साली मुंबई आणि नागपूरला महापौर-परिषद म्हणून प्रयोग झाला, महापौरांच्या हाती खरा कारभार द्यायचा, तो वर्षभरात गुंडाळला. त्यामुळे नगरसेवकांचा राग ज्याच्यावर निघतो त्या आसनावर सत्ता बसलेलीच नसते, ती शेजारच्या खुर्चीवर फायली घेऊन बसलेली असते. तिच्यासमोर दंड नाही, तिला झगा नाही, तिला गरजही नाही.

लेस्टरमध्येही हेच आहे, आणि ते मला पुतणीकडूनच कळलं. २०११ पासून तिथे लोकांनी थेट निवडलेला 'सिटी मेयर' आहे, पीटर सोल्सबी, कारभार त्यांचा. आणि 'लॉर्ड मेयर' वेगळे, साखळी त्यांची, शाळेत येऊन मुलांना ती हाताळू देणं त्यांचं काम. त्यांनी निदान दोन माणसं वेगळी करून ठेवली आहेत, लोकांचा घोळ होत नाही.

आणि आपल्याकडे तर कित्येक वर्षं महापौरच नसतात. ठाण्याची महापालिका १९८२ ची, पण पहिली निवडणूक १९८६ ला, तेव्हा सतीश प्रधान पहिले महापौर झाले. कल्याणची महापालिका १९८३ ला झाली, डोंबिवली तिच्यात घातली, आणि पहिली निवडणूक १९९५ ला. बारा वर्षं! या बारा वर्षांत आमची डोंबिवली दुप्पट-तिप्पट झाली, चाळींच्या जागी इमारती आल्या, आणि दाद मागायला प्रशासक सोडून कुणी नाही. पुन्हा २०२० च्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवलीची मुदत संपली, २०२२ च्या मार्चमध्ये ठाण्याची संपली, आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या वर्षांत दंड पळवणारेही नव्हते आणि दंडही कपाटात. तेव्हा मला त्या ओढाताणीच्या बातम्या चक्क आठवायला लागल्या.

आता ती गोष्ट.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. मी तेव्हा डोंबिवलीत एका शाळेत शिकवत होते, शाळेचं नाव नको. बालदिनाला काहीतरी वेगळं करायचं म्हणून मी सातवीच्या मुलांची 'बालमहापालिका' ठरवली. गावात तेव्हा नगरपालिका होती, पण मला हौस मुंबईसारख्या महापौराची. शाळेच्या रंगमंचाचा जुना लाल मखमली पडदा कोपऱ्यात पडला होता, उंदरांनी थोडा कुरतडलेला. त्याचा झगा बेतला. सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं गोळा करून त्यांना चहाच्या खोक्यातला सोनेरी कागद लावला आणि फितीवर शिवून साखळी केली. पितळी मूठ बसवलेली एक काठी म्हणजे राजदंड. शिवणकामाच्या तासाला चार मुली मदतीला बसायच्या. त्यांतल्या एकीचा हात फार चांगला. झग्याच्या दोन्ही बाह्या तिनेच जोडल्या. तिचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते.

मी खरीखुरी निवडणूक घेतली, चिठ्ठ्या टाकून. आणि ती मुलगी निवडून आली. बोलायला धीट होती, मुलांना आवडायची. मला फार आनंद झाला होता, हे खरं सांगते.

समारंभाच्या आदल्या दिवशी शाळेच्या चालकांपैकी एक गृहस्थ आले. पाहुणे मोठे येणार आहेत, भाषण शुद्ध हवं, अमक्याच्या मुलाला उभं करा, तो छान बोलतो, असं त्यांनी सांगितलं. जातीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्याची गरजही नव्हती. मी नोकरीत कायम होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी म्हणाले, "बरं."

संध्याकाळी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तू उपमहापौर हो."

तिने विचारलं, "बाई, उपमहापौरांना झगा असतो का?"

मी म्हणाले, "नाही."

थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मग मी दंड धरते." आणि दुसऱ्या दिवशी ती चोपदार झाली. हातात काठी धरून ताठ मानेने पुढे चालली, तिच्या मागून तिने जोडलेल्या बाह्यांचा झगा घालून तो मुलगा. सभागृहात टाळ्या पडल्या. मी स्वतःची समजूत घातली की बघ, चोपदार महापौराच्याही पुढे चालतो.

पुतणीने लेस्टरचं विचारलं आणि मला हे आठवलं त्याला कारण आहे. तिच्या शहराच्या पालिकेने १९७२ साली युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की अमीनने हाकललेल्या आशियाई लोकांनी कृपा करून लेस्टरला येऊ नये, इथे जागा नाही. छापील जाहिरात आहे, नाकारता येणार नाही. आणि पंधरा वर्षांनी, १९८७ ला, त्याच शहराने गोरधन परमार यांच्या गळ्यात लॉर्ड मेयरची साखळी घातली. २००८ साली मंजुळा सूद लॉर्ड मेयर झाल्या, त्याही मुळात शिक्षिका. ज्या शहराने 'येऊ नका' म्हणून सांगितलं, त्याला पंधरा वर्षं लागली. मी १९७९ ला एका शब्दात माघार घेतली त्याला आता सत्तेचाळीस वर्षं होत आली.

ती विद्यार्थिनी कळव्याला असते. परिचारिका म्हणून निवृत्त झाली. मधून मधून फोन करते, दिवाळीला फराळ पाठवते, "बाई, चकली बिघडली आहे, पण खा" असं म्हणते. त्या झग्याचा विषय आमच्यात कधी निघाला नाही, तिने काढला नाही आणि मला जमलं नाही.

२२ जानेवारी २०२६ ला मंत्रालयात महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. ठाण्याचं पद अनुसूचित जातीसाठी आणि कल्याण-डोंबिवलीचं अनुसूचित जमातीसाठी. टीव्हीवर पट्टी फिरत होती. मी फोन उचलला आणि तिला लावला. आधी सोडतीचं बोलले, मग आवंढा गिळून म्हणाले, "अगं, तो १९७९ चा बालदिन आठवतो का तुला? माझं चुकलं होतं."

ती पलीकडे बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, डावी बाही मी उलटी जोडली होती. तो चालत असताना मला सारखं तेच दिसत होतं. तुमच्या लक्षात आलं नव्हतं का?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि आता ठाण्याचे महापौर झगा घालणार का हो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. पण महासभेला प्रेक्षकांना बसायला जागा असते. एकदा दोघी जाऊन बघून येऊ. तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, मग म्हणाली, रिक्षा करू.